आठ इंग्रजी शब्द

नागपूरच्या दक्षिणेस, मानेवाड्याच्या पुढे बेसा गाव लागते. आमच्या तरुणपणी येथे शेते होती, आणि दिवेलागणीनंतर रस्त्याला माणूस दिसत नसे. आज त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या आहेत व पहाटेपासून दुचाक्यांची रांग सुरू होते. कोणी बुटीबोरीच्या पाळीला निघालेला असतो, कोणी हिंगण्याच्या. कोणी रात्रभर पहारा करून घरी परतत असतो. या वस्तीतील वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोला, असे चालकांनी आम्हांस सांगितले. इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे भोसल्यांचे राज्य आणि सीताबर्डीची लढाई उभी राहते. त्या विषयाचे अधिकारी पुरुष नागपुरात पुष्कळ आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे सारे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. म्हणून आमच्या आटोक्यातलाच एक इतिहास आम्ही निवडला. तो आठ इंग्रजी शब्दांचा इतिहास आहे.

ते शब्द असे: 'अरायझिंग आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ'. मोजून पाहा, आठच भरतात. कामावर अपघात झालेल्या माणसास भरपाई केव्हा मिळावी, हे ठरविणाऱ्या कायद्यात हे शब्द बसलेले आहेत. त्यांच्यापुढे 'हिज एम्प्लॉयमेंट' हे दोन शब्द जोडले की वाक्याचा तो तुकडा पुरा होतो. या तुकड्याच्या अलीकडे पडलेल्या माणसाच्या घरी चूल पेटली आहे, आणि पलीकडे पडलेल्याच्या घरची विझली आहे. इतके असूनही ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला, त्यांच्यापैकी शंभरांत एकालाही त्याचा अर्थ कोणी नीट सांगितलेला नसतो.

प्रथम अर्थच पाहू. या आठ शब्दांत दोन शब्दसमूह आहेत. एक 'आउट ऑफ' आणि दुसरा 'इन द कोर्स ऑफ'. दोन्ही शाळेतल्या मुलाच्याही ओळखीचे, आणि घात होतो तो या ओळखीनेच. 'आउट' म्हणजे बाहेर, असे आपण पहिल्या धड्यात शिकतो. यंत्र बिघडले की त्यावर 'आउट ऑफ ऑर्डर' अशी पाटी लागते. दुकानातला माल संपला की तो 'आउट ऑफ स्टॉक'. नोकरी गेलेला माणूस 'आउट ऑफ एम्प्लॉयमेंट'. मग 'आउट ऑफ एम्प्लॉयमेंट' झालेला अपघात म्हणजे नोकरीबाहेर झालेला अपघात, असे कोणी समजला तर त्यास हसू नये. परंतु कायद्यातला अर्थ नेमका उलटा आहे. तेथे 'अरायझिंग आउट ऑफ' म्हणजे 'मधून उद्भवलेला'. विहिरीतून पाणी निघावे तसा नोकरीतून निघालेला अपघात. अर्थात नोकरीमुळे झालेला.

'कोर्स' या शब्दाचीही तीच गत. 'ऑफ कोर्स' म्हणजे अर्थातच. 'इन ड्यू कोर्स' म्हणजे यथावकाश. आणि सरकारी पत्रातले यथावकाश किती लांबचे असते, हे नागपूरकरांस सांगावयास नको. कायद्यातला 'इन द कोर्स ऑफ' यांपैकी कोणाच्याच नात्यातला नाही. नोकरी चालू असताना, नोकरीच्या वेळेत व नोकरीच्या जागी, नोकरीसाठी जे करावयाचे ते करीत असताना, एवढा त्याचा अर्थ.

म्हणजे पहिला शब्दसमूह कारण विचारतो, दुसरा वेळ आणि जागा विचारतो. दोहोंच्या मध्ये 'अँड' आहे, 'ऑर' नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी यावी लागतात. एखाद्याचे हृदय पाळीवर असतानाच जुन्या आजाराने बंद पडले, तर वेळ जुळली, जागा जुळली; कारण जुळेलच असे नाही. उलट, मुकादमाने कामावर कोणास रागे भरले आणि त्याचा डूख धरून त्या इसमाने मुकादमास रात्री त्याच्या घरी गाठून मारले, तर कारण नोकरीचे आहे, पण वेळ आणि जागा नोकरीची नाही. दोन कुलुपांची ही पेटी आहे. एक किल्ली घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

हे सारे आज आम्ही शहाणपणाने सांगत आहो. ते आम्हांस कसे कळले, तेही सांगणे भाग आहे. कारण त्याची किंमत आम्ही दिलेली नाही, दुसऱ्याने दिली.

गोष्ट १९९० नंतरच्या चारपाच वर्षांतली. आम्ही तेव्हा संघटनेत नवे होतो. वीरकरांचा कोश पिशवीत घेऊन फिरावे आणि मालकाला इंग्रजीत पत्र लिहावे, यात आम्हांस मोठी धन्यता वाटे. एका आरागिरणीतला एक कामगार मालकाच्या तोंडी हुकमावरून सायकलने वाहतूकवाल्याकडे निरोप घेऊन निघाला. वाटेत मालमोटारीने त्यास उडविले. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गिरणी लहान, विमा योजनेच्या कक्षेत ती नव्हती. भरपाईचा दावा थेट मालकावर करावयाचा होता. त्याआधीचे मागणीपत्र आम्ही लिहिले. आमच्या मनात मराठी वाक्य असे होते की, हा अपघात ड्यूटीतून घडला आहे. त्याचे इंग्रजी आम्ही केले, 'द ॲक्सिडेंट टुक प्लेस आउट ऑफ ड्यूटी'. पत्र सुवाच्य अक्षरात लिहून, नोंदणी करून धाडले आणि त्या रात्री समाधानाने झोपलो.

मालकाच्या वकिलाने ते पत्र जपून ठेवले. पुढे बोलणे सुरू झाले तेव्हा त्याने ते टेबलावर ठेवून शांतपणे विचारले, "तुमची युनियनच लिहिते की अपघात ड्यूटीबाहेर झाला, मग भरपाई कसली मागता?" एका पत्रावर दावा बुडतो असे नाही, न्यायाधीश पुरावा पाहतो. परंतु आमच्याजवळ दुसरा पुरावा कोठे होता? हुकूम तोंडी, साक्षीदार मालकाचेच नोकर, आणि लेखी कागद काय तो हा एक. शेवटी तडजोड झाली. जी रक्कम हाती आली ती हक्काच्या रकमेपुढे फारच थोडी होती. काही वर्षांनी तो आम्हांस एका चहाच्या टपरीवर भेटला. कुबडी बाजूला ठेवून म्हणाला, "भाऊ, तुमचा कागद बराबर होता जी. माह्यंच नशीब खोटं." आम्ही त्यास काही बोललो नाही. कागद बरोबर नव्हता, हे त्यास सांगण्याचे धैर्य आमच्याजवळ नव्हते. तो आता हयात नाही.

आमची चूक कोठून आली, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. ती आमच्या मराठीतून आली. मराठीतल्या 'तून' प्रत्ययाला दोन तोंडे आहेत. 'पावसातून आला' यात पाऊस वाटेवर आहे. 'भांडणातून वैर झाले' यात भांडण हे कारण आहे. आणि 'तो माणूस कामातून गेला' असे म्हटले तर तो कायमचा निकामी झाला. आम्ही कारणाचा 'तून' मनात धरला आणि इंग्रजीत बाहेरचा 'आउट' लिहिला. 'अरायझिंग' हा एक शब्द अलीकडे असता तर अर्थ सावरला असता. तो आमच्याकडून सुटला आणि एक माणूस खरोखरच कामातून गेला.

त्यानंतर आम्ही या आठ शब्दांचा माग काढावयास लागलो. आपली अडाणी चूक एकट्याचीच, अशी आमची समजूत होती. ती समजूत इतिहासाने दूर केली.

आरंभ मुंबईत होतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. मागणी सरळ होती. कारण कोणते, वेळ कोणती, जागा कोणती, असा कीस तीत काढलेला नव्हता. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. जखमींची मागणी तशीच राहिली, आणि १८९७ साली लोखंडे वारले.

योगायोग असा की त्याच १८९७ साली विलायतेत कामगार भरपाईचा कायदा झाला. तोपर्यंत तेथल्या मजुरासही भरपाई हवी तर मालकाचा दोष सिद्ध करावा लागे. आणि अपघात सोबतीच्या मजुराच्या चुकीने झाला असे निघाले तर मालक मोकळा सुटे. नव्या कायद्याने दोषाचा प्रश्न बाजूस सारला. दोष कोणाचाही असो, अपघात नोकरीतून व नोकरीच्या ओघात झाला असेल तर मालकाने भरपाई द्यावी. हे सांगण्यासाठी जे शब्द योजले गेले तेच हे आठ शब्द. मजुराची वाट सोपी व्हावी म्हणून ते आले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हिंदुस्थानात हा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी तेव्हा कामगारांचे नेमलेले प्रतिनिधी होते. विलायती कायद्यातले आठही शब्द येथे जसेच्या तसे उतरले. आमच्या नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीस सुरू झालेली; म्हणजे तिच्या मजुरांस सत्तेचाळीस वर्षांनी आणि लोखंड्यांच्या अर्जास चाळीस वर्षांनी हा कायदा मिळाला. १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. १९५४ साली त्याची योजना नागपुरात आली. त्या कायद्यातही कामावरच्या इजेची व्याख्या करताना तेच आठ शब्द पुन्हा बसविले गेले.

आणि मग न्यायालयांत वाद सुरू झाले. कामाच्या जागेची हद्द कोठे संपते? फाटकाशी, की फाटकाबाहेरही थोडी पुढे जाते?

सौराष्ट्रात पोरबंदरजवळ मिठागरात काम करणारे मजूर काम संपवून घरी निघाले होते. वाटेत खाडी होती. ती नावेतून ओलांडताना नाव उलटली आणि काही मजूर बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली निर्णय दिला की, नोकरीची हद्द प्रसंगी फाटकाबाहेरही थोडी वाढते, हे तत्त्व खरे; परंतु ही नाव सर्वांच्या वापरातली होती, मजूर तेथे इतर लोकांसारखेच प्रवासी होते. दावा फेटाळला गेला.

पाच वर्षांनी, १९६३ साली, मुंबईच्या बेस्ट बसच्या एका चालकाचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. पाळी संपवून, गाडी आगारात लावून, तो दुसऱ्या बसने घरी निघाला होता. त्या बसला अपघात झाला व तो मरण पावला. पाळी तर संपलेली. तरीही बहुमताने त्याच्या विधवेच्या बाजूने निकाल झाला. गणवेशातल्या चालकांस बसमधून विनामूल्य प्रवासाची सोय नियमानेच होती. अफाट शहरात चालकाने वेळेवर यावे व सुखरूप जावे, यात संस्थेचेच हित होते. तेव्हा तो प्रवास त्याच्या नोकरीचाच भाग ठरतो, असे न्यायालयाने मानले. मात्र त्या पीठावरील एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. ज्यांचा जन्म इंग्रजी कायदे वाचण्यात गेला त्यांचेही या आठ शब्दांवर एकमत होत नव्हते!

१९६९ साली 'द्वारका' या जहाजावरील एका खलाशाचे प्रकरण आले. तो रात्री जहाजावर दिसला होता, पहाटेनंतर दिसला नाही. बापाने भरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली, सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. खलाशी जहाजावर होता, म्हणजे वेळ आणि जागा नोकरीचीच. परंतु मृत्यू अपघाताने झाला आणि तो नोकरीमुळे झाला, हे दाखविणारा पुरावा नव्हता. या निकालात दोन्ही शब्दसमूहांचे अर्थ वेगवेगळे करून सांगितलेले आहेत. आम्ही तो निकाल प्रथम वाचला तेव्हा, हा आणखी आधी वाचावयास मिळाला असता तर, असे वाटून पुष्कळ वेळ स्वस्थ बसून राहिलो.

या दुहेरी कुलुपाचा त्रास कायदा करणाऱ्यांच्याही ध्यानात आला होता. १९६६ च्या दुरुस्तीने राज्य विमा कायद्यात असे घालण्यात आले की, अपघात नोकरीच्या ओघात झाला एवढे दिसले, तर उलट पुरावा नसेल तोवर तो नोकरीमुळेच झाला असे धरावे. एका किल्लीने दोन्ही कुलुपे उघडण्याची ही सोय होती. परंतु ती विमा कायद्यापुरतीच राहिली. १९२३ च्या कायद्याखाली येणाऱ्यांस, म्हणजे आमच्या आरागिरणीतल्या माणसासारख्यांस, तिचा उपयोग नव्हता.

राहिला रस्ता. घरून कामावर निघालेला माणूस रस्त्यात पडला तर? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळातील एका कामगाराचे प्रकरण निकालात निघाले. तो सायकलने कारखान्याकडे निघाला होता. कारखाना एक किलोमीटरवर होता आणि पाळीला पंधरा मिनिटे होती. धडक देणारी मालमोटार त्याच्याच मालकाची होती. तरीही ही कामावरची इजा नव्हे, असा निकाल झाला. या निकालाने रस्त्यावरच्या अपघाताची वाट बंद झाली. ती उघडण्यास चौदा वर्षे लागली. २०१० साली विमा कायद्यात नवे कलम आले. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतून व नोकरीच्या ओघातच झाला असे मानावे.

आता शेवटचे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातले, मराठवाड्यातले. एका साखर कारखान्यातील पहारेकरी. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलने कामावर निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघात होऊन मरण पावला. मागे विधवा, चार मुले आणि आई. उस्मानाबादच्या आयुक्तांनी २००९ साली ३,२६,१४० रुपये भरपाई ठरविली. २०११ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. माणूस कामावर पोहोचलाच नव्हता, तेव्हा अपघात नोकरीतून उद्भवलेला नाही, हे त्याचे कारण. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई पुन्हा दिली. २०१० च्या कलमाने नवा अर्थ आणला नाही, जुन्या शब्दांतला अर्थ स्पष्ट केला. तेव्हा १९२३ च्या कायद्यातले तेच आठ शब्दही तसेच वाचावेत, असे न्यायालयाने म्हटले. इतक्या अवेळी माणूस रस्त्यावर कशासाठी निघतो? तो पाळी गाठण्यासाठीच निघालेला होता, हे न्यायालयाने मानले. त्या कुटुंबाला या आठ शब्दांचा अर्थ कळण्यास बावीस वर्षे लागली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे जाऊन नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत कामावर जाण्यायेण्यातल्या अपघाताची तरतूद आता लिहिलेलीच आहे. कायदा बदलला, पुस्तकाचे नाव बदलले. ते आठ शब्द मात्र नव्या पुस्तकातही आहेतच.

शब्दांच्या या घोटाळ्यात हेच आठ एकटे नाहीत. 'ले-ऑफ', 'लॉक-आउट', 'रिट्रेंचमेंट' आणि 'क्लोजर' हे चार शब्द कारखान्याच्या फाटकावर सर्रास एकाच अर्थाने बोलले जातात. काम नाही म्हणून काही काळ घरी बसविणे हा ले-ऑफ. कामगारांस नमविण्यासाठी मालकाने फाटकास टाळे लावणे हा लॉक-आउट. कामगार जास्त झाले म्हणून काहींस कमी करणे ही रिट्रेंचमेंट. आणि धंदाच बंद करणे हा क्लोजर. यांतल्या दोहोंच्या फरकाने बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९५३ मध्ये रिट्रेंचमेंटबद्दल भरपाई कायद्यात आली. १९५४ च्या १ जानेवारीस ती रेल्वे कंपनीकडून सरकारकडे गेली आणि कंपनीने सर्व नोकरांची नोकरी संपविली. त्यांतल्या बहुतेकांस सरकारने पुन्हा घेतले. कायद्यात तर 'फॉर एनी रीझन व्हॉट्सोएव्हर' असे लिहिलेले होते. कोणत्याही कारणाने का होईना, नोकरी संपविली की ती रिट्रेंचमेंट. मुंबई उच्च न्यायालयाने ते कामगारांच्या बाजूने वाचले. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सांगितले की, चालू धंद्यातली जादा माणसे कमी करणे हीच रिट्रेंचमेंट. सबंध धंदाच मालकाच्या हातून गेला तर ती नव्हे. पुढे संसदेने १९५७ साली क्लोजरसाठीही भरपाईची तरतूद केली, आणि ती लागू केली २८ नोव्हेंबर १९५६ पासून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! बार्शीच्या कामगारांस तिचा लाभ झाला नाही.

आणखी एक जोडी सांगतो, कारण ती रोज उपयोगी पडते. 'इन प्रोटेस्ट' म्हणजे निषेध म्हणून. 'अंडर प्रोटेस्ट' म्हणजे हक्क राखून. हिशेबाची रक्कम कमी वाटत असेल, पण घरी पैशांची निकड असेल, तर रक्कम 'अंडर प्रोटेस्ट' म्हणून घ्यावी, आणि तसे सहीच्या वरच लिहावे. 'फुल अँड फायनल' अशा छापील मजकुराखाली न वाचता सही ठोकणारा माणूस आपला पुढचा दावा आपणच अवघड करून ठेवतो.

आता आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. १८९७ पासून २०२५ पर्यंत एकशे अठ्ठावीस वर्षे या आठ शब्दांवर वाद झाले. उच्च न्यायालयांनी एक वाचले, सर्वोच्च न्यायालयाने दुसरे वाचले. एकाच पीठावरच्या न्यायमूर्तींनी दोन प्रकारे वाचले. तेव्हा सातवी शिकलेल्या माणसास ते कळले नाहीत, यात त्याने मान खाली घालण्यासारखे काही नाही. इंग्रजी न येणे हा दोष नव्हे. न येणारे इंग्रजी मोठेपणासाठी वापरणे हा दोष आहे, आणि तो आम्ही केला. आम्ही ते पत्र मराठीत लिहिले असते तर चालले असते. 'मालकाच्या हुकमावरून, कामाच्या वेळेत, कामाचा निरोप घेऊन जात असता अपघात झाला', एवढे लिहिले असते तर दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या त्या एका ओळीत होत्या.

बेसा रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणावर तशी वेळ न येवो. परंतु आपल्या ओळखीत कोणावर आलीच, तर पहिल्या दिवशी चार गोष्टी कागदावर उतरवा. पाळी किती वाजताची होती. घरून किती वाजता निघाला. अपघात कोठे झाला, आणि ती वाट कामाकडे जाणारी नेहमीचीच होती काय. हुकूम असेल तर कोणी दिला व कोणी ऐकला. पाळीचा तक्ता, हजेरीचा कागद, फोनवरचा निरोप, जे असेल ते जपा. हे सारे मराठीत लिहा. त्या आठ शब्दांत ते बसविण्याचे काम वकिलावर सोडा. मात्र त्याने ते बरोबर बसविले काय, हे विचारण्याइतके ते शब्द तुम्हांस ठाऊक असू द्या.

आम्ही त्या आरागिरणीतल्या माणसाचे पत्र नंतर एकदा पुन्हा लिहून पाहिले, मराठीत. सात ओळी झाल्या. ते कोणास धाडावयाचे नव्हते. तो कागद अजून आमच्या जुन्या कोशात आहे.